सायकलच्या ट्यूबवर कमावलेला खांदा

आधी कबुली देऊन टाकते. वयाच्या पन्नासाव्या वर्षी, भर वैशाखात, पुतणीच्या लग्नाच्या दिवशी मी साखरेच्या दुखण्यावरची गोळी उपाशी पोटी गिळली. विसरले म्हणून नाही, ठरवून. मला मोठ्या जावेवर सूड उगवायचा होता, आणि त्या सुडाला पोट रिकामं लागत होतं. आता नव्वदीला टेकले आहे, नातवंडं म्हणतात आजी फार हुशार. त्या दिवशीची ती बाई त्यांनी पाहिली असती, तर तिला वाळवणावरचे कावळे हाकायलासुद्धा बसवली नसती.

सूड कशाचा, ते सांगते.

आमचं गाव नाचणगावपासून कोसभर. सत्तर सालच्या पुढेमागे आमच्याकडे मोठं जेवण म्हटलं की लांब पोळी हवीच. चुलीवर मातीचं मडकं उपडं ठेवायचं, ते तापलं की त्यावर पोळी टाकायची. ही पोळी लाटत नाहीत. कणीकच इतकी सैल की नवख्या माणसाला वाटावं, पाणी जास्त झालं. ती उचलायची, आपटायची, ओढायची, पुन्हा आपटायची, तार सुटेपर्यंत. मग गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत न्यायचा आणि एका झटक्यात मडक्यावर पांघरायचा. खांदा ढिला पडला की पोळी आखूड होते. मन ढिलं पडलं की तिला भोक पडतं.

लग्न असो की तेरवी, गावात पहिल्या मडक्यापाशी मला बसवत. वीस वर्षं बसवलं. मोठ्या जाऊबाई शेजारच्या मडक्यावर असत, आणि त्यांची पोळी माझ्या पोळीपेक्षा चार बोटं आखूड होई. मी हे कधी तोंडानं बोलले नाही. फक्त माझी पोळी त्यांच्या पोळीवर ठेवायची, चारी बाजूंनी बाहेर लोंबेल अशी. आणि मला वाटायचं, आपण किती शालीन!

मग ऐंशीच्या आसपास एका दिवाळीत माझा उजवा खांदा धरला. आधी कळ, मग जडपणा, मग हात खांद्याच्या वर जाईचना. पदर डोक्यावर घेता येईना, वेणी घालता येईना. त्याच सुमारास तहान फार लागायला लागली होती आणि अंग झडत चाललं होतं. मी म्हणायची, उन्हाचं आहे. दिवाळीत कसलं ऊन, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

त्या हिवाळ्यात देवळातल्या सप्ताहाचं जेवण होतं. मी नेहमीसारखी पहिल्या मडक्यापाशी पाट टाकला. पहिलीच पोळी अर्ध्यातून खाली लोंबली आणि चुलीत गेली. जाऊबाईंनी माझ्या खालचा पाट ओढला. ओढला म्हणजे खरंच ओढला, मी अजून पुरती उठलेही नव्हते.

"ऊठ वो धाकटे. तुह्यानं नाई होत आता. लसूण सोल तिकडं बसून. त्याले काही खांदा लागत नाई."

तीस बाया होत्या. तीसही हसल्या. मी पोरींच्या घोळक्यात बसून लसूण सोलला आणि तिकडे पहिल्या मडक्यावर चार बोटं आखूड पोळ्या पडत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात नवरा म्हणाला, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. पण कापूस वेचणी चालू होती, त्याला सवड नव्हती. सोबत कोण आलं? जाऊबाई. एस.टी.त खिडकीची जागाही त्यांनीच घेतली. दवाखान्यात नळीत लघवी घेऊन, औषध घालून तापवली, तर तिचा रंग विटकरी झाला. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, भरपूर आहे, आणि खांदा धरणं हे साखरवाल्यांना होतं. गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं.

ती बाई तरणीताठी. तिच्या हातात वीतभर रुंद रबराची पट्टी. एक टोक दाराच्या कडीला बांधलेलं, दुसरं टोक तिनं माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाली, "ओढा मावशी."

मी म्हटलं, "बाई, जन्मभर ओढतच आले. पाणी ओढलं, सरपण ओढलं, भाऱ्यावर भारे ओढले. आता रबर ओढू?"

"ते घरासाठी ओढलंत. वाकून, घाईघाईनं, एकाच अंगानं. हे स्वतःसाठी ओढायचं. ताठ बसून, सावकाश, मोजून." मग तिनं माझा दंड दाबून पाहिला. "हे मांस म्हणजे तुमची चूल, मावशी. साखर इथे जळते. पन्नाशीत बायांचं मांस आटतं, चूल मंदावते, मग साखर रक्तात साचते. हातापायांना जोर द्या, चूल पेटती राहील. दहा वेळा, मग दम खायचा, असं तीनदा. दुखलं तर थांबायचं. रबर नाही मिळालं तर सायकलची जुनी ट्यूब घ्या."

पुढेही ती बरंच बोलली. गोळीचं, जेवणाचं, घाम फुटला तर काय करायचं त्याचं. जाऊबाई कान टवकारून ऐकत होत्या. मी ऐकत नव्हते. मी रबराकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हे ओढून खांदा सुटला, तर पाट माझा.

घरी आल्यावर जाऊबाईंनी माझ्या बिमारीचा गावभर बोभाटा केला. दोन दिवसांत माझं नावच पडलं, शुगरवाली. हळदीकुंकवाला गेले तर तिळाच्या वडीची थाळी माझ्यापाशी येता येता वळायची. "शुगरवालीले नोका देऊ वो," असं जाऊबाईंचं आधी ठरलेलं. त्यांचं बरोबर होतं हे मला कळत होतं. त्यामुळे तर जास्तच राग यायचा. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

पुलगावच्या बाजारात गेले तेव्हा सायकलवाल्याकडे जुनी ट्यूब मागितली.

तो म्हणाला, "काकू, कोणती सायकल हाये?"

"पन्नास वर्षं जुनी. उजवं चाक जाम झालं."

तो हसला नाही. दोन ट्यूबा काढून त्यानं वॉल्वपाशी कापून दिल्या. एकीला सात ठिगळं होती. मी ती परत केली. सुडाचं सामान ठिगळांचं चालत नाही.

आमच्या घरामागे कापूस भरायची खोली होती. तिच्या मधोमध सागाचा खांब. दुपारी सगळे पाठ टेकायला गेले की मी तिथे जायची. खांबाला ट्यूब बांधायची, खाली बसायची आणि ओढायची. पहिले दहा लसणाचे. दुसरे दहा शुगरवालीचे. तिसरे दहा ओढलेल्या पाटाचे. मग ट्यूब तळपायाखाली घालून पाय लांबवायची, ते हसणाऱ्या तीस बायांचे, दर पायाला पंधरा. सावकाश, मोजून. व्यायामबाईनं मोजायला सांगितलं होतं, कशाच्या नावानं मोजायचं ते सांगितलं नव्हतं.

एकदा नवरा काहीतरी शोधत आत आला. मी ट्यूब ओढून, दात खाऊन बसलेली.

"हे काय करून राह्यली?"

"बाईनं सांगितलेला व्यायाम."

"मंग चेहरा असा काऊन केला, जशी कोनाचा गळा आवळून राह्यली?"

मी ट्यूब आणखी ताणली. तो कापसाकडे बघत उलट्या पावलांनी बाहेर गेला. पुढे महिनाभर त्यानं माझ्याशी चढ्या आवाजात बोलणं टाळलं.

संक्रांत गेली, होळी गेली. हात आधी कानापर्यंत गेला, मग डोक्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. दवाखान्यात नळीचा रंग विटकरीवरून हिरव्यावर आला. व्यायामबाई म्हणाली, "वा, मावशी!" मी म्हटलं, "कोणाला सांगू नका." तिला वाटलं, मी लाजते.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी हात अजून तसाच लुळा लोंबता ठेवत होते. त्यात एक वेगळाच आनंद होता. माझा हात वर जात नाही म्हणून रोज सकाळी माझी वेणी कोण घालायचं? जाऊबाई. त्या पाटावर, मी त्यांच्या पुढ्यात, आणि मी कण्हत. "हळू वो बाई, हळू." खांदा सुटल्यावर दोन महिने मी त्यांच्याकडून वेणी घालून घेतली. एकदा तर चुकून डावा खांदा धरून कण्हले. त्यांनी फणी थांबवली. मी पटकन उजवा धरला आणि म्हटलं, "कळ इकडून तिकडं जाते." असा माझा अभिनय! आणि मला वाटायचं, यांना काय कळतंय.

वैशाखात जाऊबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा सेलूचा. मुलाची आई लांब पोळीची मोठी दर्दी, असं आधीच कानावर आलं होतं. ती म्हणे कुठेही जेवायला गेली तरी पंगतीत बसण्याआधी मडक्यापाशी जाऊन उभी राहते. हे ऐकलं आणि माझा सूड आपोआप शिजला. मी जाऊबाईंची पोळी वीस वर्षं शेजारून पाहिली होती. घाबरल्या की त्यांची कणीक कमी आपटली जाते आणि पोळी फाटते. व्याहीण समोर उभी राहणार, पोळी फाटणार. त्या माझ्याकडे बघणार. मी बघणार नाही. त्या हाक मारणार. मग मी उठणार.

यात एक अडचण होती. आमच्या घरची रीत अशी, की मडक्यापाशी बसणाऱ्या बाईनं पहिली पोळी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मी सकाळी खाल्लं असतं तर जाऊबाई भर मांडवात म्हणाल्या असत्या, तू खाल्लेली हायेस, बस खाली. त्यांना तेवढी फट ठेवायची नव्हती. म्हणून मी उपाशी राहिले. आणि गोळी? गोळी चुकवायची नाही एवढं एकच दवाखान्यातलं वाक्य माझ्या कानात शिरलं होतं. ती मी पहाटेच घेतली. गोळी घेतल्यावर जेवायचंच, हे वाक्य जाऊबाईंच्या कानात शिरलं होतं.

अकराच्या सुमारास मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या. ऊन असं की मडक्यापेक्षा जमीन तापलेली. मी लसणाच्या टोपलीपाशी बसले होते, हात लुळा, चेहरा गरीब. व्याहीणबाई आल्या, पदर खोचला आणि जाऊबाईंच्या मडक्यासमोर उभ्या राहिल्या.

पहिली पोळी फाटली. दुसरीला भोक. तिसरी मडक्यावर पडताना दुमडली.

व्याहीणबाई म्हणाल्या, "अवं बाई, हे पोळी हाये का चाळणी? आमच्या सेलूले तं..."

पुढचं मी ऐकलं नाही. मला फार बरं वाटत होतं. हातपाय हलके झाले होते, डोकं तरंगत होतं. मी समजले, सूड घेताना असंच वाटत असावं. ती भूक होती, सूड नव्हता, पण हा फरक कळायला अजून सहा पोळ्या बाकी होत्या.

चौथी फाटली. जाऊबाईंनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि मान न वळवता म्हणाल्या, "धाकटे."

मी लसणाची पाकळी सोलली. "काय वो बाई?"

"इकडं ये."

"मी काय करू येऊन? मी तं शुगरवाली. लसूण सोलून राह्यली."

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले. मी हे वाक्य पाच महिने खांबापुढे म्हणून पाहिलं होतं. जाऊबाई उठल्या. पाट त्यांनी ओढला नाही, पायानं माझ्याकडे सरकवला. तेवढ्यावर माझं समाधान झालं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी शहाणी ठरले असते.

मी हात वर केला. नुसताच, डोक्याच्या वर, सरळ, बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत आल्या. कोणीतरी "अगं माय!" म्हणालं. कणीक उचलली, आपटली. आणखी आपटली. तार सुटली. पहिली पोळी मडकं झाकून खाली लोंबली. व्याहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. दुसरी पहिलीपेक्षा लांब. तिसरी. चौथी टाकताना मी जाऊबाईंकडे बघितलं, त्या चुलीत काडी सारत होत्या. पाचवी. सहावीला व्याहीणबाई स्वतः म्हणाल्या, "हे पाय, याले म्हणते पोळी!"

सातव्या गोळ्याला हात थरथरायला लागला. अंगाला घाम सुटला, पण गार. समोर मडकी दोन झाली. मी त्यातलं एक निवडलं, चुकीचं निवडलं, आणि झटका दिला. पोळी मडक्यावर गेली नाही. ती उडाली आणि व्याहीणबाईंच्या डोक्यावर जाऊन बसली, पदरासारखी, दोन्ही खांद्यांवर सारखी. पांढरीशुभ्र, ओली, न फाटलेली. एवढं मला स्पष्ट दिसलं. मग अंगण उलटं झालं.

मी चुलीवर पडले असते. जाऊबाईंनी मला दंडाला धरून मागे खेचलं. शुद्ध गेली नव्हती, पण जीभ हलत नव्हती. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी कांदा आणायला धावलं. जाऊबाई ओरडल्या, "सरका सारे! गोळी घेतली इनं, काई खाल्लं नाई!" आणि आमरसाचं पातेलं पुढे ओढलं. त्या उन्हाळ्यात ज्या बाईनं मला आंब्याची कोयसुद्धा चोखू दिली नव्हती, तिनं माझ्या तोंडात आमरस वाटीनं घातला, दोन वाट्या. नाकातोंडातून गेला. मी गिळत होते आणि रडत होते. बायांना वाटलं, जीव वाचला म्हणून रडते. मी रडत होते कारण सूड संपायच्या आधीच आमरस आला.

मला कापसाच्या खोलीत नेऊन निजवलं. बाहेर पंगती उठत होत्या. उरलेल्या सगळ्या पोळ्या जाऊबाईंनी केल्या, आणि त्यांतली एकही फाटली नाही असं मला मुद्दाम येऊन सांगण्यात आलं. व्याहीणबाई एकदा न्हाऊन आल्या, दुसरी साडी नेसल्या आणि तीन पोळ्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरीची पाठवणी झाल्यावर, जाऊबाई खोलीत आल्या. डोळे सुजलेले. हातात माझी ट्यूब. मी ती गाठोड्यांमागे लपवली होती, इतकी पक्की की मलाच कधी कधी सापडायची नाही. मी उठून बसले. माफी मागावी की भांडावं हे ठरत नव्हतं. म्हणून कण्हले, सवयीनं.

"कण्हू नोको," त्या म्हणाल्या. "होळीपासून तुहा खांदा सुटला हाये. वेणी मीच घालतो न तुही? मानेखाली हात लागते माहा. दगडासारखा झाला खांदा. मले समजत नाई?"

"मग बोलल्या काऊन नाही?"

"पाह्यत होती, किती दिवस सोंग करते थे."

मी विचारलं, गावात काय म्हणतात? मला सहा पोळ्यांचं ऐकायचं होतं. त्यांना ते कळलं.

"सहा चांगल्या झाल्या. पण सारे सातवीचंच सांगून राह्यले." त्या खाली बसल्या, पाय लांब केले, गुडघा चोळला. "व्याहीण जाता जाता म्हणे, ज्येष्ठात सेलूले जेवण हाये, थ्या डोक्यावर पोळी टाकणाऱ्या बाईले धाडजा. मी म्हटलं, मी येतो, तिले शुगर हाये."

माझ्या अंगात कालच्या दोन वाट्या आमरस उसळला. मी म्हटलं, "पहिल्या मडक्यापाशी मी बसणार."

जाऊबाईंनी ट्यूब ताणून पाहिली. तिच्यावर माझ्या मुठीचे ठसे पडून ती एका जागी गुळगुळीत झाली होती, तिथे त्यांनी अंगठा फिरवला. मग एक टोक माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाल्या,

"मडक्यापाशी एकच बाई बसन, अन् थे जेवून बसन. ज्येष्ठाले महिना हाये. पण खांबाले काऊन बांधतं वो? खांब काई वढत नाई. हे टोक मी धरतो, थे तू धर. वढ आता."